शर्यत आणि शर्त : किहीमच्या पुळणीवरचा एक आवाज

मराठीतला ‘शर्यत’ हा शब्द अरबीतल्या ‘शर्त’वरून आलेला आहे. शर्त म्हणजे अट, बोली, करार. उर्दूत आपण आजही पैज मारण्याला ‘शर्त लगाना’ म्हणतो आणि एखादी गोष्ट अटीवर मान्य असेल तर तेव्हाही हाच शब्द वापरतो. राज्यकारभाराच्या फारसीतून हा शब्द मराठीत उतरला आणि त्याच्या दोन वाटा झाल्या. एक वाट सरकारी कागदाकडे गेली; तिथे तो ‘अटी व शर्ती’ असा जोडीने नांदतो. दुसरी वाट शिवाराकडे, जत्रेकडे आणि आमच्या भागात समुद्राच्या वाळूकडे गेली. तिथे तो ‘शर्यत’ झाला. वर्गात मुलांना हा शब्द समजावताना मी सांगते की धावणे हा शर्यतीचा अर्धा भाग आहे, उरलेला अर्धा भाग म्हणजे अट. अट नसेल तर ती नुसती पळापळ.

अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर घोडागाड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. त्यांतल्या धावण्याबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. अटीबद्दल, म्हणजे ती अट मोठ्याने सांगणाऱ्या माणसाबद्दल, कोणी लिहीत नाही. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, किहीमच्या पुळणीवर असा पुकारा करीत. ते मोठे कोणी नव्हते. टांगा हाकून पाच मुली आणि दोन मुलगे वाढवणारे संसारी गृहस्थ होते. कोकणी मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण जंजिऱ्याच्या सिद्दींकडे, जुन्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांकडे, दर्ग्यांकडे आणि फाळणीकडे वळतो. ते सारे खरेच आहे. पण गावगाड्यात मुसलमानाचे जे रोजचे, सगळ्यांच्या कामाचे स्थान होते, त्याची नोंद या इतिहासात फारशी सापडत नाही. नानांच्या निमित्ताने ती नोंद करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

घोड्यांची जुनी वाट

किहीमपासून दक्षिणेला, अलिबाग ओलांडून पुढे गेले की चौल लागते. आज ते नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव आहे. एके काळी ते अरबी समुद्रावरचे नामांकित बंदर होते. अरब लेखक त्याला ‘सैमूर’ म्हणत. इतिहासकार अल्‌ मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक आहेत, असे त्याने लिहून ठेवले. या वस्तीचा कारभार पाहणाऱ्या मुसलमान प्रमुखाला तिथल्या हिंदू राजाची मान्यता असे. म्हणजे आपली या किनाऱ्यावरची ओळख तलवारीच्या आधीची आहे; ती गलबतांची आणि मालाची आहे.

या मालात घोडा महत्त्वाचा होता. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास नीट होत नसे, म्हणून अरबस्तान आणि इराणच्या आखातातून घोडे जहाजांनी येत आणि कोकणातल्या बंदरांवर उतरत. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या बहमनी अधिकाऱ्याने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, अशी अट घातली. निकितिन हवालदिल झाला. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. निकितिनच्या प्रवासवर्णनातला हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. अन्यायाची अट घालणारा मुसलमान होता आणि ती मागे घ्यायला लावणाराही मुसलमानच होता. इतिहास सांगताना आपण दोघांचीही नावे घ्यायला हवीत.

घोड्यांचा हा व्यापार पुढे संपला, पण घोडा किनाऱ्यावर राहिला. मोटारी येण्याआधी अलिबाग भागातली ये-जा बैलगाडीने आणि टांग्याने चाले. चोंढी नाक्यावरून किहीमच्या किनाऱ्याकडे, अलिबागहून थळ, नवगाव, आवास, सासवणे या बाजूला टांगे जात. टांगेवाल्यांत आपल्या समाजाची माणसे पुष्कळ होती. बैलगाड्या प्रामुख्याने आगरी, माळी, भंडारी शेतकऱ्यांच्या. भाताचे भारे, मीठ, नारळ, सुकी मासळी, सारे त्यांवर लादले जाई. वर्षभर ओझे ओढणारी ही जनावरे एखाद्या दिवशी मोकळ्या वाळूवर पळवायची, हीच शर्यतीची सुरुवात. यात राजेशाही काही नव्हते. ज्याच्या घरी जनावर, त्याचा तो सण.

ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरच्या शर्यतीचे वेळापत्रक माणूस ठरवत नाही, समुद्र ठरवतो. कोरड्या वाळूत चाक रुतते आणि जनावराचा पाय खोल जातो. भरतीचे पाणी मागे हटले की ओली वाळू घट्ट बसते आणि काही तास तिचा पक्का रस्ता होतो. तेवढ्यात गाड्या सुटल्या पाहिजेत, निकाल लागला पाहिजे आणि माणसे-जनावरे वर आली पाहिजेत.

कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. द्वादशीला भरती नऊच्या सुमारास, ओहोटी तीनच्या. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. थोडे मागेपुढे होतेच. पण दुपारी उशिरा शर्यत घ्यायची तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दोनतीन दिवस आधीची तिथी बरी, हे त्यावरून लगेच कळते.

नाना हा हिशेब चांदाच्या तारखेवरून करीत. आपला महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणजे साधारण शुक्ल द्वितीयेला. म्हणून इस्लामी तारखेत एक मिळवायचा आणि मग पाऊणपट करायची. चांदाची सात तारीख म्हणजे अष्टमी. घरात भिंतीवर उर्दू कॅलेंडर असे आणि शर्यत ठरवणारी मंडळी पंचांग पाहूनही एकदा आमच्या ओटीवर येऊन खात्री करून घेत. पंचांग आणि उर्दू कॅलेंडर यांचे उत्तर एकच येई, कारण दोन्हींचा चंद्र एकच आहे. सूर्यावर चालणाऱ्या इंग्रजी तारखेला मात्र हे समुद्राचे गणित कळत नाही. आज मी सहावीच्या मुलांना भरती-ओहोटीचा पाठ याच हिशेबाने शिकवते. मुले लगेच आपापल्या घरचे कॅलेंडर आणून पडताळा घेतात.

पुकारा करणाऱ्याचे काम

लोक नानांना ‘अलाउन्सर’ म्हणत. पूर्वी हे काम मोकळ्या गळ्याने होई, दवंडीसारखे. पुढे बॅटरीवर चालणारा कर्णा आला. दुपारनंतर वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. म्हणून नाना पाण्याच्या बाजूला एका उभ्या केलेल्या गाडीवर चढत आणि समुद्राकडे पाठ करून बोलत. वारा त्यांचा आवाज सुरूच्या बागेपर्यंत नेई. आम्ही मुली आणि बायका त्या सुरूंच्या सावलीत बसलेल्या असू. गाड्या आम्हाला नीट दिसत नसत. आमची शर्यत नानांच्या आवाजातच होई.

पुकाऱ्याचा एक क्रम ठरलेला असे. आधी गावाचे नाव, मग मालकाचे, मग जनावरांची नावे आणि शेवटी हाकणाऱ्याचे. गाव आधी, कारण हार-जीत गावाची. जनावराचे नाव हाकणाऱ्याच्या आधी, कारण धावणारे ते. गाड्या सुटल्या की मात्र नाना कमी बोलत. कोण पुढे, कोण मागे, कोणाचे चाक पाण्यात गेले, एवढेच. शेवटच्या खुणेवर झेंडा घेऊन पंच उभा असे. पंचाने झेंडा दाखवेपर्यंत निकाल तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची स्वतःची शर्त होती. गर्दी आधीच ओरडत असे, नाना थांबत. डोळ्यांना दिसले ते पुकारायचे नाही, ठरले ते पुकारायचे, असे ते म्हणत. आज विचार करते तेव्हा वाटते, हे साक्षीदाराचे काम होते. आपल्याकडे गवाहीला केवढे महत्त्व आहे, आणि गवाही देणाऱ्याने आपल्या आवडी-नावडीला दूर ठेवावे, हे किती वेळा सांगितले आहे!

जगात जिथे जिथे जनावरांच्या ताकदीचे खेळ आहेत, तिथे असा आवाज आहेच. अमेरिका आणि कॅनडातल्या गावजत्रांत तगड्या घोड्यांच्या जोड्या वजन लादलेली घसरगाडी ओढतात. जोडीच्या वजनावरून हलका आणि भारी असे गट असतात. जपानच्या होक्काइदो बेटावर ओबिहिरो इथे धिप्पाड घोडे दोनशे मीटरच्या वाटेवर, दोन चढ ओलांडून, लोखंडी घसरगाडी ओढत नेतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाजूला बेंदराच्या सणाला बैलांनी लाकडाचा ओंडका ओढण्याच्या शर्यती होतात. या सगळ्या ठिकाणी बघणाऱ्याला जनावर दिसते, पण वजन किती, अंतर किती, नियम कोणता हे दिसत नाही. ते सांगायला माणूस लागतो. त्याच्या शब्दावर हजारो लोकांचा विश्वास बसावा लागतो.

मुंबईच्या क्रिकेटलाही असा आवाज लाभला होता. पारशी असलेल्या बॉबी तल्यारखान यांनी १९३० च्या दशकात रेडिओवरून सामन्यांचे धावते वर्णन केले, तेही त्या काळात, जेव्हा संघच हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावर उभे होते. पुढे बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत रुजवले. त्यांची नावे पुस्तकांत आहेत. वाळूवर उभे राहून बोलणाऱ्यांची नावे वाऱ्यावर गेली.

१९९३ चे साल

नानांच्या आयुष्यातली एक गोष्ट आई वारंवार सांगते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनी किनाऱ्यावरची घरे हादरली होती, कारण इथल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईत पोटापाण्यासाठी होते. त्यानंतर १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले. त्यासाठीची स्फोटके रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवली गेल्याचे उघड झाले आणि साऱ्या जिल्ह्यातल्या मुसलमानांवर एक सावली पडली. किहीमपासून शेखाडी पुष्कळ लांब आहे. पण संशय अंतर मोजत नाही. किनाऱ्यावर राहणारा मुसलमान, एवढे तीन शब्द पुरेसे होते.

त्या वर्षी शर्यतीचा दिवस जवळ आला तेव्हा आजीने नानांना घरी राहायला सांगितले. हजारोंच्या गर्दीत, उंच गाडीवर, हातात माईक घेऊन उभे राहणे तिला धोक्याचे वाटत होते. नानांनीही यंदा कोणी बोलवायला येणार नाही असेच धरले होते. पण शर्यत भरवणारी मंडळी नेहमीप्रमाणे आली. नारळ ठेवला आणि भरतीची वेळ विचारली. त्यांनी त्या विषयावर एक अक्षरही काढले नाही, नानांनीही काढले नाही. आजीने चहा केला.

या गोष्टीत शौर्य वगैरे काही नाही. त्यातून सगळे आलबेल होते असा निष्कर्षही मी काढत नाही. त्याच काळात आमच्याच नात्यातल्या मुलांनी चौकश्या सोसल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. पण एखाद्या गावाने आपले तोंड कोणाच्या स्वाधीन करावे, आपल्या हार-जीतीचा शब्द कोणाच्या मुखातून ऐकावा, हा विश्वासाचा प्रश्न असतो. तो विश्वास त्या दुपारी मोडला नाही. सलोख्यावरच्या भाषणांपेक्षा मला अशा लहान नोंदी जास्त मोलाच्या वाटतात, कारण त्या खोट्या पाडता येत नाहीत.

मदीनेतली दौड

शर्यत हा प्रकार इस्लाममध्ये बसतो का, असे आपल्यातले काही जण विचारतात. नानांनाही ते विचारले गेले. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या, हे हदीसच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. तयार केलेल्या घोड्यांसाठी हफया ते सनिय्यतुल वदा असे पाच-सहा मैलांचे अंतर होते. तयार न केलेल्या घोड्यांसाठी सनिय्या ते बनू जुरैकची मशीद असे सुमारे एक मैलाचे. हजरत अब्दुल्ला इब्न उमर स्वतः त्यात धावले होते. इथे लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे दोन गट वेगळे होते. कमजोर जनावराला बलवान जनावराच्या अंतरावर पळवायचे नाही, हा न्याय त्यात आहे.

पैशाबाबतही फिकहच्या ग्रंथांत फरक केलेला आहे. दोघांनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे घ्यायचे, हा जुगार. तिसऱ्याने आपल्या पदरचे इनाम द्यायचे, ते मान्य. म्हणून नाना इनामाचा आकडा पुकारीत, पैजेचा कधीही पुकारला नाही. पैजा होत नसत असे मुळीच नाही. गर्दीत त्या होतच होत्या. पण कर्ण्यावरून त्यांना जागा नव्हती. असरची वेळ झाली की पुकारा काही वेळ बंद राही आणि ही गोष्ट सगळ्या गावांना माहीत होती.

हरलेल्यांची भांडणे सोडवताना त्यांना एक हदीस उपयोगी पडे. पैगंबरांची ‘अजबा’ नावाची सांडणी कधी मागे पडत नसे. एकदा एका बद्दूच्या तरुण उंटाने तिला मागे टाकले. साथींना वाईट वाटले, तेव्हा पैगंबरांनी समजावले की जगात जे वर चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा नियमच आहे. नाना ही गोष्ट धर्माचे नाव न घेता, साध्या मराठीत सांगत. आगरी शेतकरीही मान डोलावत, कारण अनुभव त्यांचाही तोच होता.

याच परंपरेत मुक्या जनावराला छळण्याविरुद्धची ताकीदही आहे. जनावराच्या तोंडावर डाग देऊ नये, जनावरे एकमेकांवर सोडून झुंजवू नयेत, ओझे झेपेल एवढेच लादावे. इथे आपल्याला प्रामाणिक राहायला हवे. पुळणीवर पराणीच्या टोकाला लोखंडी आर असे. शेपटी पिरगाळली जाई, चाबूक ओढला जाई. नानांनी नियम केला होता की आर लावलेली पराणी दिसली तर त्या गाडीचे नाव पुकारायचे नाही. नाव न पुकारणे म्हणजे गावात मोठी नामुष्की. त्यामुळे पुष्कळांनी पराणी घरी ठेवली. पण लपवून आणलेली आर त्यांना दिसत होती आणि प्रत्येक वेळी ते थांबवू शकले नाहीत. कधी मालक ओळखीचा असे, कधी पाणी वाढू लागलेले असे. म्हातारपणी ते सांगत की घोड्याच्या अंगावरचा वळ टांगेवाल्याला कळायला हवा होता, बैलाच्या अंगावरचाही. मला त्यांची ही कबुली त्यांच्या साऱ्या पुकाऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

कायद्याची शर्त

नानांचा टांगा १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबला. थळला खत कारखाना उभा राहिला होता, रस्ते सुधारले होते आणि नाक्यावर प्रवासी वाहने उभी राहू लागली होती. सहा माणसे एकदम नेणाऱ्या वाहनापुढे घोडा टिकणे शक्य नव्हते. शेतात बैलाची जागाही हळूहळू यंत्राने घेतली. पुढे शर्यतीत धावणारे बैल घरचे न राहता घाटावरून आणलेले, मुद्दाम शर्यतीसाठी पोसलेले खिल्लार होऊ लागले. ओझे ओढणाऱ्या जनावराचा सण हौशी मालकांचा खेळ झाला. शर्यतीत खरा फरक इथे पडला. कायदा नंतर आला.

प्राण्यांना निर्दयतेने वागवण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा १९६० चा. नर्तिका आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांना त्याचे मोठे श्रेय आहे. याच कायद्याखाली ११ जुलै २०११ ला केंद्राने अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्यात आधी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. पुढे ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो ओझ्याचा प्राणी आहे, हे त्या निकालातले एक महत्त्वाचे सूत्र होते.

घोडा त्या यादीत नव्हता. किहीमच्या समोर, खाडीपलीकडच्या मुंबईत, महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून चालू आहे आणि घोड्यांच्या रेसवर पैसे लावणे हे नशिबाचे नव्हे तर कौशल्याचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले होते. गावातल्या माणसाला यात दुजाभाव दिसला. साहेबांचा घोडा चालतो, आमचा बैल नाही, असे बोलले गेले. ही तक्रार अगदीच चुकीची नव्हती, पण तिच्यात बैलाचे उत्तर नव्हते. गरिबाच्या हातातली आर श्रीमंताच्या चाबकाने न्याय्य ठरत नाही. घोडागाडीवरही वेळ आलीच. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. त्या हाकणाऱ्यांत आपली माणसे किती होती, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको.

जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत मोठे आंदोलन झाले, तिथे कायदा बदलला. पाठोपाठ त्याच वर्षी महाराष्ट्रानेही दुरुस्ती कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. आजच्या नियमांत अंतराला हजार मीटरची मर्यादा आहे. काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारे साधन यांना मनाई आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी लागते. म्हणजे सरकारी कागदाकडे गेलेला ‘शर्त’ आणि वाळूकडे गेलेला ‘शर्यत’ हे दोन भाऊ इतक्या शतकांनी पुन्हा एका कागदावर आले.

नाना २०१६ मध्ये, बंदीच्या काळातच अल्लाहला प्यारे झाले. शर्यती पुन्हा सुरू झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. त्यांना त्या आवडल्या असत्या की नाही, याबद्दल मी त्यांच्या वतीने काही म्हणणार नाही. कर्ण्याऐवजी आता मोठमोठे स्पीकर आहेत, निकाल कॅमेऱ्यावर पाहता येतो, धावते वर्णन मोबाइलवर सगळ्या जिल्ह्यांत जाते. साधने सुधारली आहेत. पराणी दिसल्यावर नाव गाळण्याची हिंमत मात्र यंत्रात बसवता येत नाही. ती माईक हाती घेणाऱ्याकडेच असावी लागते.

न लिहिलेले दफ्तर

किहीमचे नाव जगभरच्या अभ्यासकांना एका वेगळ्या कारणाने माहीत आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली १९३० मध्ये, हाती नोकरी नसताना, इथे येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तासन्‌तास बसून त्यांनी नर कसे खोपे विणतात, मादी खोपा कशी पसंत करते, एकच नर पाठोपाठ अनेक खोपे बांधून अनेक माद्यांशी कसा संसार मांडतो, हे टिपून ठेवले आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. तोपर्यंत सुगरण या किनाऱ्यावर सर्वांच्याच डोळ्यांसमोर होती. पाहत सगळेच होते, लिहिले एकाने. म्हणून ते ज्ञान झाले.

आपल्या समाजाच्या इतिहासाचे असेच आहे. टांगेवाले, कर्ण्यावर बोलणारे, नालबंद, खोगीर शिवणारे, भरतीची वेळ सांगणारे यांचे कोणतेही दफ्तर नाही. त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या तोंडी आहे आणि दरवर्षी त्यांतली काही माणसे जातात. आपल्या उर्दू शाळांतली मुले मराठी, उर्दू आणि घरची कोकणी अशा तिन्ही भाषा जाणतात. त्यांच्याइतके या कामाला योग्य कोण आहे? मी माझ्या वर्गाला उन्हाळ्याच्या सुट्टीत एक वही देते. मोहल्ल्यातल्या एका वृद्ध माणसाला त्याचे काम विचारायचे आणि त्याच्या शब्दांत उतरवून घ्यायचे. त्या कामात तो काय करीत असे हे तर लिहायचेच, पण काय करायला त्याने नकार दिला, तेही विचारायचे. दुसऱ्या प्रश्नाला म्हातारी माणसे आधी गप्प होतात, मग पुष्कळ बोलतात. आतापर्यंत अशा एकेचाळीस वह्या जमल्या आहेत. त्यांत हिंदू शेजाऱ्यांच्याही आहेत, कारण मुलांनी मोहल्ल्याची हद्द माझ्यापेक्षा मोठी धरली.

हे वार्षिक वाचणाऱ्या शिक्षकांनी आपापल्या गावी अशी एकेक वही सुरू करावी, ही विनंती. शर्त एकच, ऐकले तसे लिहायचे.